वेंडेल रॉड्रिक्स, कुणबी साडी आणि कोलवाळचं घर

सुईदोरा_कुडाळ

सावंतवाडीहून म्हापशाला जाताना पत्रादेवी, पेडणे मागे पडलं की शापोरा नदीवरचा कोलवाळचा पूल लागतो. मी कुडाळला वीस वर्षं शिवणक्लास चालवते. अस्तर, लेस, बटणं आणायला म्हापशाच्या बाजारात महिन्या-दोन महिन्यांनी खेप होतेच, आणि दर खेपेला त्या पुलावर मला फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स आठवतात. १२ फेब्रुवारी २०२० रोजी ते याच कोलवाळ गावात, स्वतःच्या घरी गेले. साठी पुरी व्हायला काही महिने बाकी होते. त्यांच्यावर मराठीत फारसं कुणी मनापासून लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, म्हणून हा धागा काढते आहे. तुमच्याकडे जे असेल ते जरूर लिहा.

जन्म १९६० चा, मुंबईतल्या गोवेकर ख्रिस्ती कुटुंबातला. लहानपण माहीमला गेलं. घरात शिंपीकामाची परंपरा नाही, भांडवल नाही. केटरिंगचा डिप्लोमा केला आणि १९८२ मध्ये मस्कतला रॉयल ओमान पोलिसांच्या ऑफिसर्स क्लबात नोकरी धरली. आखाती नोकरीचे पैसे आपल्याकडे कशात जातात हे आपण सगळे जाणतो: घराचा स्लॅब, बहिणीचं लग्न, जमिनीचा तुकडा. या माणसाने साठवलेले पैसे घेऊन अमेरिका गाठली, मग पॅरिस, आणि तिथे कपड्यांचं शिक्षण घेतलं. तिथे त्यांना एक सल्ला मिळाला, जो ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले: तुझ्या कपड्यांत तुझा देश दिसू दे.

परत आल्यावर स्वतःचं नाव लावून काम सुरू केलं. पहिला शो मुंबईच्या ओबेरॉय हॉटेलात झाला. बारा पोशाख दाखवायचे होते, पण पैसे संपले आणि जेमतेम सहाच पूर्ण होऊ शकले. त्या काळी मोठे कपडे म्हणजे जरी, जरदोसी, खडे, जितकं वजन तितकी किंमत. त्यात यांनी पांढरं सुती आणि तागाचं कापड, सरळ भूमितीचे कट आणि प्लीट्स आणल्या.

प्लीट्स म्हणजे साधं काम असं माझ्या मुलींना वाटतं. मी त्यांना दीड मीटर कापड देते आणि अर्ध्या इंचाच्या प्लीट्स घालायला सांगते. पहिल्या दहा बरोबर येतात. अकरावीला दोऱ्याएवढा फरक पडतो, तो पुढे प्रत्येक घडीत वाढत जातो आणि तीसाव्या घडीला कापड तिरकं झालेलं असतं. भरतकामाखाली वाकडा कट झाकता येतो. पांढऱ्या साध्या कापडावर काहीच झाकता येत नाही, म्हणून त्यांच्या साधेपणाला मी फार मानते.

१९९३ मध्ये ते मुंबई सोडून कोलवाळला आले. डिझायनरला मुंबई-दिल्ली सोडून चालत नाही असं सगळ्यांचं मत असतानाचा हा निर्णय. तिथे साडेचारशे वर्षांचं जुनं घर घेऊन राहिले. धंदा गावातून चालवला, देशाबाहेर नेला, २००० साली देशातला पहिला फॅशन वीक उभा करायला हातभार लावला, २०१४ ला पद्मश्री मिळाली. २०१६ मध्ये, चालता धंदा असताना, लेबल आपल्या हाताखाली तयार झालेल्या शुलेन फर्नांडिस यांच्या हवाली केलं, स्वतः छोट्या घरात राहायला गेले आणि ते जुनं राहतं घर गोव्याच्या पोशाखांच्या संग्रहालयाला दिलं. संग्रहालयाचं काम शेवटच्या टप्प्यात असताना ते गेले.

गोव्याच्या कुणबी साडीचं त्यांनी पुनरुज्जीवन केलं, पण त्याबद्दल मुद्दाम लिहिलेलं नाही. गोव्यातल्या कुणीतरी आधी लिहावं असं वाटतं.

पेडण्याचो_पोर

ताई, मी लिहितो. चूक असेल तर जाणकारांनी दुरुस्त करावी.

कोकणीत साडीला कापडच म्हणतात. गावडा, कुणबी समाजातल्या बायकांचं कापड म्हणजे तांबडं, चौकडीचं, आखूड. आमच्या शेजारच्या आजीचं मला नीट आठवतं. गुडघ्याच्या जरा खालपर्यंत येई, कारण लावणीला चिखलात उतरायचं असे. पदर मोकळा नसेच. कापडाची टोकं खांद्यावर घेऊन गाठ मारत. त्या गाठीला देठली म्हणतात. वाकून रोप लावताना, डोक्यावर भारा घेताना, पोर पाठीला बांधताना ती गाठ हलत नाही. पूर्वी त्यावर चोळीही नसे. गळ्यात मण्यांच्या माळा आणि आंबाड्यात फूल.

मी शाळेत असताना आमच्या वाड्यावर चार-पाच जणी तरी असं नेसत. पुढे एकेक करत गेल्या. त्यांच्या सुना पाचवारी नेसू लागल्या, नाती चुडीदार घालतात. मग एक दिवस वर्तमानपत्रात वेंडेल यांच्या शोमधल्या मोठ्या मॉडेल्सच्या अंगावर तीच तांबडी चौकडी बघितली. हे २०१०-११ च्या सुमाराचं. कॉलेजात होतो. खरं सांगतो, छाती भरून आली होती. त्या कापडाला कुणी फॅशन म्हणेल असं आमच्याकडे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. ते गरिबीचं कापड समजलं जायचं.

तळटीप

विषय चांगला आहे, पण एक प्रश्न मनात येतो तो विचारतेच. जी बाई शेतात राबताना हे नेसायची तिला रॅम्पवरची ती साडी परवडणार होती का? तिच्या समाजाचं नाव कपड्याला मिळालं, पैसा आणि पुरस्कार दुसऱ्याला मिळाला, असं होत नाही का? वेंडेल यांच्याबद्दल आदर आहे. पण 'पुनरुज्जीवन' हा शब्द आपण फार पटकन वापरतो.

सुईदोरा_कुडाळ

तळटीप, प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. मला जे वाटतं ते सांगते.

त्यांनी साडीची लांबी-रुंदी वाढवली, म्हणजे शहरातल्या बाईला ती घोळदार नेसता येईल अशी केली. म्हणजेच मूळ कापड आणि नवी साडी या दोन वेगळ्या वस्तू झाल्या. तेवढ्यावर थांबले असते तर तुमचा आक्षेप मी जसाच्या तसा मान्य केला असता. पण त्यांनी मूळ कापड कसं होतं, कोण नेसायचं, का नेसायचं, हेही लिहून ठेवलं. २०१२ मध्ये 'मोदा गोवा' हा गोव्याच्या पेहरावाचा इतिहास काढला. लिस्बनच्या पोशाख संग्रहालयात ते उमेदवारी करून आले होते. तिथलं सगळं शिकून त्यांनी पुस्तक मात्र गोव्यावर लिहिलं. माझ्या मते त्यांचं मोठं काम हे आहे. शो संपतो, साड्या विकल्या जातात. लिहून ठेवलं म्हणून उद्या त्या कुणबी बाईच्या नातीला 'हे आमचं' असं पुरावा दाखवून म्हणता येईल.

ताणाबाणा

मी सोलापूरचा, घरात तीन पिढ्या माग. चौकडीबद्दल थोडं सांगतो, कारण कपड्याची चर्चा होते तेव्हा विणणाऱ्याच्या हाताची होत नाही.

साध्या साडीत रंग काठात आणि पदरात. चौकडीत तो उभ्यातही आणि आडव्यातही. उभे धागे म्हणजे ताणा लावतानाच रंगांचा क्रम मोजून भरावा लागतो, इतके तांबडे, मग इतके पांढरे. तिथे एक धागा इकडचा तिकडे झाला तर ती रेघ साडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तशीच जाते. बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांत, तर दर थोड्या धाग्यांनी धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो) बदलायचा. तांबडी कांडी भरलेला धोटा बाजूला ठेवायचा, पांढरीचा घ्यायचा, मोजून फेकायचा, परत पहिला. वेग जातो. आणि बाणा घट्ट बसवणाऱ्या फणीची ठोक सारखी पडली पाहिजे. सकाळी अंगात जोर असतो तेव्हा ठोक घट्ट बसते आणि चौकोन बसका येतो, दुपारनंतर हात सैल पडला की तोच चौकोन उभट होतो. माझे आजोबा जेवणानंतर अर्धा तास चौकडीला हात लावत नसत, साधा पट्टा असेल तोच विणत.

यंत्रमागावर हेच काम झटक्यात निघतं, म्हणून बाजारात स्वस्त चौकडी यंत्रमागाचीच मिळते. हातमागाची साडी महाग का, याचं उत्तर त्या बदलत्या धोट्यात आहे.

तळटीप यांना एवढंच सांगेन की विणकराच्या घरी टाळ्यांनी चूल पेटत नाही हे खरं. दर महिन्याला मागणी आली तरच पोरगा मागावर बसतो. पण मागणी यायच्या आधी कुणीतरी मोठ्या नावाच्या माणसाने 'हे सुंदर आहे' असं चारचौघांत म्हणावं लागतं. आमच्याकडच्या अनेक वाणांना, म्हणजे कापडाच्या प्रकारांना, तो माणूस मिळाला नाही. ते वाण आता नमुन्यालाही सापडत नाहीत.

तळटीप

ताणाबाणा दादा, चौकोनाची ही गोष्ट मला माहीतच नव्हती. मनापासून आभार. माझा प्रश्न अजून आहे, पण आता त्याचा रोख डिझायनरपेक्षा आपल्यासारख्या विकत घेणाऱ्यांकडे जास्त वळला आहे.

खाडीपलीकडे

मस्कतहून लिहितोय. इथे अठरा वर्षं हॉटेल लाइनमध्ये आहे. इथल्या क्लबात काम करणारा एक मुलगा पैसे साठवून पॅरिसला शिकायला गेला, हे वाचून कसं वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही. आमच्या खोलीत चार जण आहेत, चौघांना वाचून दाखवलं.

टाकाटाका

माझा अनुभव थोडा कडवट आहे, पण या धाग्यावर त्याची जागा आहे असं वाटतं.

मी हाताने भरतकाम करते. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका मोठ्या दुकानाने माझ्याकडून सहा नमुने मागवले, पसंत पडले तर मोठं काम देऊ म्हणाले. गाठीच्या टाक्याचे नमुने होते, एकेकाला चार-चार दिवस लागले. नमुने परत आले नाहीत, पैसेही नाहीत. आठ महिन्यांनी तसाच टाका, तीच फुलांची मांडणी, मशीनवर करून घेतलेली, त्यांच्या काचेत टांगलेली पाहिली. रडले नाही, पण त्या वर्षी सुई हातात धरवली नाही.

म्हणून एखादा डिझायनर कपड्यासोबत तो कुठून आला, कुणाचा आहे, हे नाव घेऊन सांगतो तेव्हा मला ती शोभेची गोष्ट वाटत नाही. कुणबी साडीला कुणबी साडी म्हटलं. दुसरं काही आकर्षक नाव देऊन स्वतःच्या खात्यावर टाकणं सहज जमलं असतं.

सुईदोरा_कुडाळ

टाकाटाका, वाचून पोटात तुटलं. क्लासमधल्या मुलींना मी हल्ली सांगते, नमुना द्यायचा तर आधी फोटो काढून तारखेसह जपा, नमुन्याचेही पैसे आगाऊ घ्या आणि चिठ्ठीवर सही घ्या. संकोच वाटतो, पण मागावंच. तुमचे नमुने इथे दाखवावेत अशी विनंती करते.

वेस्टर्नलाइन

विषयाला धरूनच एक भर. डिझायनर, उद्योग आणि समाजकार्य असं तिन्ही म्हटलं की मला अनिता डोंगरे आठवतात. १९९५ मध्ये दोन शिलाई मशीनवर त्यांनी काम सुरू केलं, भाऊ-बहीण सोबतीला. आज त्यांची कपड्यांची दुकानं कुठल्याही मोठ्या शहरात दिसतात. पण मला सांगायचं आहे ते चारोटीबद्दल. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचं डहाणू तालुक्यातलं गाव. तिथे त्यांच्या फाउंडेशनने गावातल्या बायकांना शिलाई शिकवून तिथेच कामाची जागा उभी केली. पुढे पालघर जिल्ह्यातल्या आणखी गावांत असं काम नेलं.

याचं महत्त्व तिकडे फिरलेल्यालाच कळेल. पालघरच्या आदिवासी पाड्यांतून दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर जातात, पोरांची शाळा सुटते ती सुटतेच. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर बाईला पगाराचं काम मिळालं तर ते घर हलत नाही. करोनाच्या सुरुवातीला, २०२० मध्ये, त्यांच्यासाठी काम करणाऱ्या छोट्या पुरवठादारांच्या आणि कारागिरांच्या दवाखान्याच्या खर्चासाठी दीड कोटींचा निधीही त्यांनी जाहीर केला होता.

दोघांचे रस्ते वेगळे. एकाने स्मृती जपली, दुसरीने रोजगार गावात नेला. मला दुसरं जास्त तातडीचं वाटतं, हे माझं मत.

ताणाबाणा

सहमत. पण रोजगार गावात नेताना गावाची स्वतःची कला तिथे असेल तर ती आधी बघावी. शिलाई कुठेही शिकवता येते. वाण एकदा गेला की गेला.

आजोळ_मडगाव

मी लग्न होऊन पुण्यात आले त्याला तीस वर्षं झाली, मराठी लिहिताना चूक झाली तर सांभाळून घ्या.

कुणबी साडीवर सगळे बोलतात, म्हणून पानो-भाजूवर लिहिते. वेंडेल यांनी त्याचाही माग काढला होता. आमच्या माय-आजीच्या काळात मोठ्या ख्रिस्ती घरांत मांडो, म्हणजे गोव्याचा गाण्यावरचा नाच, नाचायला बायका हा पोशाख घालत. खाली गुंडाळलेला पानो, वर सैल भाजू, मखमलीचा किंवा रेशमाचा, कडेने सोनेरी जरीचं काम, खांद्यावर तुवालो म्हणजे उपरण्यासारखा कपडा, पायात मोजे आणि चिनेलां म्हणजे सपाता. हातात पंखा. पाश्चात्त्य नाही, आणि साडीही नाही. आग्नेय आशियाशी नातं सांगणारा तो पोशाख आहे, समुद्रावरून आलेला.

यामागचं दुखणंही सांगायला हवं. १७३६ मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयाने, फर्मान काढून धर्मांतरित लोकांना पुरुषांनी धोतर आणि बायकांनी चोळी घालण्याची बंदी केली. काय घालायचं नाही ते सांगितलं गेलं, मग काय घालायचं ते लोकांनी हळूहळू स्वतः शोधलं. कपड्याच्या इतिहासात असं पुष्कळ काही दडलेलं असतं, म्हणून तो कुणीतरी लिहायलाच हवा होता.

माझ्या आजीचा भाजू आमच्या पेटीत होता. काळपट जांभळी मखमल. बाहीच्या कडेला जरीची वेल, तिची पानं एकाच बाजूला वळलेली, आणि एका जागी पान उलटं. आई म्हणायची, त्या रात्री दिवा विझला असेल. लोकांना दाखवायला कुणाकडे न्यावा हे आम्हांला कळत नव्हतं. एका पावसाळ्यात वाळवी लागली आणि आता बाहीचा तेवढा तुकडा उरला आहे. असं संग्रहालय तीस वर्षांपूर्वी असतं तर तो भाजू आज काचेत असता.

रातकिडा

'पोस्कें' विसरू नका. २०१७ ची त्यांची कादंबरी. गोव्यातल्या मोठ्या घरांत वाढवलेली, घरची म्हणवली जाणारी पण घरच्यांचा हक्क नसलेली मुलं. स्वयंपाकघरात आयुष्य गेलेल्या त्या बायांबद्दल गोव्यात कुणी उघड बोलत नसे. कपड्यांवर लिहिणारा माणूस त्यांच्यावरही लिहितो, यात मला एक धागा दिसतो. ज्यांची नोंद कुणी ठेवली नाही त्यांची नोंद.

गोदाकाठ

बराच वेळ लिहू की नको करत होतो.

मी नाशिकचा. वेंडेल यांचं आणखी एक ऋण माझ्यासारख्यांवर आहे. जेरोम मारेल या त्यांच्या फ्रेंच जोडीदाराबरोबर ते उघडपणे राहिले. २००२ मध्ये फ्रेंच कायद्याने दोघांनी सहजीवनाची नोंद केली, तीही गोव्यात, घरच्यांच्या साक्षीने. त्या वेळी आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम होतं. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते रद्द व्हायला २०१८ उजाडलं. मी बारावीत होतो तेव्हा माझ्यासारखा माणूस म्हातारा होईपर्यंत कुणाबरोबर तरी एका घरात सुखाने राहू शकतो, याचं एकही उदाहरण माझ्यासमोर नव्हतं. मग एका मासिकात त्या दोघांचा कोलवाळच्या घराच्या सोप्यावर बसलेला फोटो बघितला. पान कापून अर्थशास्त्राच्या पुस्तकात ठेवलं होतं. अजून आहे.

आजोळ_मडगाव

गोदाकाठ, बाळा, लिहिलंस ते बरं केलंस.

सुईदोरा_कुडाळ

गोदाकाठ, मनापासून धन्यवाद. या धाग्यात हे यायलाच हवं होतं.

सगळ्यांसाठी एक विनंती. पेडण्याच्या भाऊंनी देठलीबद्दल लिहिलं ते वाचून मी क्लासमध्ये जुन्या नऊवारीवर प्रयोग केला. गाठ बसते, पण दोन पावलं चालल्यावर उजवी बाजू खाली उतरते. काहीतरी चुकतंय. टोक आधी मागून घ्यायचं की काखेतून, निरी आधी की गाठ आधी, हे कुणी नेसणारीकडून विचारून सांगू शकेल का? मी त्याचे टप्पे कागदावर काढून इथे टाकीन, म्हणजे कुणालाही बघता येतील.

पेडण्याचो_पोर

ताई, काल रविवारी गावी जाऊन आलो. वर लिहिलं ती आजी आता नाही, पण तिची धाकटी जाऊ आहे, ऐंशीच्या पुढची. तिच्याकडे एकच कापड उरलंय, फुलांचा वास असलेल्या ट्रंकेत, घडीवर तांबडा रंग विटलेला.

आधी 'कशाला रे आता' म्हणाली. मग उठली आणि गाऊनवरूनच नेसायला लागली. तुमचं काय चुकतंय ते कळलं: गाठ मारण्याआधी एक टोक दोन वेळा पिळून घ्यायचं असतं, दोरी वळतात तसं. सपाट कापडाची गाठ सरकते, पिळलेली सरकत नाही. आणि गाठ मारताना हात वर उचलून धरायचा, खाली सोडून मारली तर वाकल्यावर काचते.

पहिल्या वेळी मोबाइल आडवा धरला, गाठ फ्रेमच्या बाहेर गेली. दुसऱ्या वेळी मध्येच फोन आला. तिसऱ्यांदा तिने कापड सोडलं, माझ्या बायकोला समोर उभं केलं, तिला नेसवलं आणि म्हणाली, गाठ तू मार. सुटली. परत मारायला लावली. चौथ्यांदा बसली तेव्हा आजीने खांद्यावरची गाठ दोन्ही हातांनी खेचून बघितली आणि मग अंगणात नेऊन तिला वाकायला लावलं.

व्हिडिओ रात्री चढवतो.